बरफ कुठवर येतं

दादाच्या बोटांना काही लागत नाही, हे आईला तव्यामुळं कळलं. सकाळची वेळ होती, चुलीवर तवा तापलेला, आई भाकरी थापत होती आणि तिला सांडशी सापडेना. दादा उंबऱ्यात बसला होता. "हणमा, ती सांडशी बघ रं जरा," एवढंच ती म्हणाली. दादा उठला, लंगडत चुलीपाशी आला आणि त्यानं तवा सरळ हातानं उचलून खाली ठेवला. ठेवला तोही सावकाश, पाहुण्यापुढं ताट ठेवावं तसा. मग परत उंबऱ्यात जाऊन बसला. कातडं जळल्याचा वास आला तेव्हा आईनं वर बघितलं आणि अशी काही ओरडली की परड्यातनं आप्पा पळत आले. तिनं त्याचे दोन्ही हात धरून पाण्याच्या घागरीत कोंबले. दादा तिच्याकडं बघत होता. "लागलं न्हाई गं. कशाला वरडतीस?" म्हणाला. त्या दिवशी घागरीतलं पाणी ओतून टाकावं लागलं आणि भाकरी मी केल्या, त्या कुणालाच आवडल्या नाहीत.

आमचं गाव पलूसच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर. घराआड एक माणूस फौजेत, त्यामुळं सुट्टीवर आलेला फौजी म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. काळी लोखंडी ट्रंक, तिच्यात रमची बाटली, आईला शाल, बहिणीला स्वेटर, आणि महिनाभर पुरतील एवढ्या थापा. दादा आला तो कायमचा आला. ट्रंक होती, शाल होती, थापा नव्हत्या. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. हाताची बोटं होती, पण त्यांची टोकं काळपट आणि लाकडासारखी झालेली. बर्फानं नसा मेल्या असं फौजेच्या डॉक्टरनं लिहून दिलं होतं. पारावरचे लोक त्याला विचारायचे, "हणमंतराव, बरफ कसं असतंय वो?" तर तो म्हणायचा, "गार असतंय." लोक हसायचे, त्यांना वाटायचं गडी चेष्टा करतोय.

चेष्टा कसली! आईनं भरली वांगी केली. आमच्या काठची वांगी खायला लोक मिरजेहून येतात, मी आता मिरजेतच राहते आणि तिथल्या मंडईतली वांगी बघून मला अजून राग येतो. दादानं ती चार खाल्ली आणि काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आईनं मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. मी एक भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं, तर तिनं मला डोळ्यानं दटावलं. दादानं ती सगळी आमटी भाकरी कुस्करून खाल्ली, वाटी पुसून खाल्ली. "कशी झालीया?" आईनं विचारलं. "बरी हाय की." आई उठून परड्यात गेली ती बराच वेळ आलीच नाही. मला रडू वगैरे आलं नाही. मला त्याचा राग येत होता, हे मी आज सांगायला लाजत नाही. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, घरात सगळे त्याच्याभोवती, माझ्या परीक्षेचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. पुढं पुढं रागसुद्धा राहिला नाही. घरातले आम्ही तिघंही त्याच्यासारखेच झालो. नदीवरचं तेलाचं इंजिन दिवसभर डुगडुगायचं, गुऱ्हाळाचा गोड वास यायचा, आम्ही जेवायचो आणि उठायचो.

एका दुपारी मी भूमितीचा अभ्यास करत बसले होते. दादा आला आणि माझ्या कंपासपेटीतला कोनमापक त्यानं उचलला. म्हणाला, "शाले, दोरा हाय का? आन् एक नट घिऊन ये, इंजिनाच्या डब्यातला." मी आणला. माझ्याच्यानं ओवला जाईना म्हणून ओरडले, तर म्हणाला, "माझी बोटं न्हाईत, तुझी हाईत, तूच ओव." कोनमापकाच्या मधल्या भोकात दोरा, दोऱ्याला नट. मग तो मला अंगणात घेऊन गेला आणि कोनमापकाची सरळ कड डोळ्याशी धरून सागरेश्वरच्या डोंगराच्या माथ्यावर रोखायला लावली. नट लोंबकळत खाली, दोरा अंशांवरनं हलत हलत एका आकड्यावर थांबला. तो आकडा त्यानं मला वाचायला लावला. त्यातनं नव्वद वजा करायला लावले. "सात," मी म्हणाले. "सात," तो म्हणाला, "म्हंजी आपलं घर लय लांब हाय. हितं बरफ असतं तरी आपल्या अंगणात कवाच आलं नसतं."

घरी आल्यापासनं एवढं लांबलचक वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. मी ते आईला सांगायला पळणार होते, पण त्यानं दंडाला धरून बसवलं आणि त्याची फौजेतली नोकरी काय होती ते सांगितलं. तोवर आम्हाला वाटायचं की तो बंदूक घेऊन उभा असतो. तिकडं हिवाळ्यात डोंगरावर बर्फ साठतं आणि एक दिवस सगळं मिळून सुटतं. सुटलं की खाली दरीत येतं, झाडं मोडत, घरं मोडत. ते कुठवर येईल हे आधी ठरवायचं आणि त्या रेघेच्या खाली, सपाटीवर, तंबू ठोकायचे. वस्ती रेघेच्या आत असेल तर वस्तीला हलवायचं. हे त्याचं काम. साहेबानं शिकवलेली रीत सोपी होती. जिथं माणसं राहणार तिथं उभं राहायचं, बर्फ जिथनं सुटतं तो माथा धरायचा, कोन घ्यायचा. कोन मोठा म्हणजे डोंगर उरावर. मागं मागं सरकत जायचं, कोन लहान होत जातो. विसाच्या खाली आला की झोपायचं. "आन् नुसत्या कोनावर जायचं न्हाई," दादा म्हणाला. "झाडं बघायची. कुठवरची झाडं जुनी हाईत, कुठनं पुढं नुसती पोरं झाडं हाईत. पोरं झाडं दिसली की समजायचं, हितनं बरफ येऊन गेलंय. आन् म्हाताऱ्या माणसास्नी इचारायचं."

म्हाताऱ्या माणसांपाशी येऊन त्याचं बोलणं थांबलं हे मला तेव्हा कळलं नाही.

आठ दिवसांनी त्यानं मला त्याची वही दिली. खाकी पुठ्ठ्याची, पाण्यानं फुगलेली. "तुला गणित येतंय म्हणं. ह्यातलं बरोबर हाय का बघ," म्हणाला आणि शेताकडं गेला. मला भलताच अभिमान वाटला. लॉगरिदमचं पुस्तक घेऊन मी बसले. वहीत पानागणिक एकेक जागा होती, डोंगराची उंची, कोन, अंतर, आणि एका बाजूला पेन्सिलीनं काढलेली दरी. सगळी गणितं बरोबर होती. शेवटच्या पानावरचंही बरोबर होतं. तिथं दरी होती, बारा घरांची वस्ती होती, एक ओढा होता, आणि रेघ ओढ्याच्या पलीकडं मारलेली होती. ती रेघ मग खोडली होती. ओढ्याच्या अलीकडं, वस्तीच्याही वर, एक दगड काढला होता आणि दगडाला लागून दुसरी रेघ. दगडापाशी कोन लिहिला होता सव्वीस. त्याच्याखाली दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, "म्हातारा म्हणतो ह्याच्या पुढं नाही."

मी ते दोनदा तपासलं. विसाच्या खाली यायला पाहिजे आणि सव्वीस. मग मला आमचा दगड आठवला.

आमच्या घाटाच्या वर एक काळा दगड आहे, शेंदूर लावलेला. तो देव नाही. तो पुराचा दगड. पणजोबांच्या काळी लय मोठा पूर आला तेव्हा पाणी ह्या दगडाला शिवून गेलं, असं सगळं गाव सांगतं. दगडाच्या वर ज्याचं घर त्याला पूर नाही. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की आप्पा एकदा जाऊन दगड बघून यायचे आणि म्हणायचे, "हाय अजून दोन पुरुष. झोपा." आम्ही झोपायचो. लग्नाची मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा आधी विचारायचे, घर दगडाच्या वर का खाली? आमच्यासारख्या काठावरच्या माणसाला म्हाताऱ्यानं दगड दाखवला की विषय संपतो. दादाचाही तिकडं संपला. पण पाणी आपली सपाटी धरून चढतं. बर्फाला सपाटी नसते. ते जेवढं साठलं असेल तेवढं येतं, आणि म्हाताऱ्याच्या बापाच्या काळात जेवढं साठलं तेवढंच साठेल असं त्यानं कुणाला लिहून दिलेलं नसतं.

संध्याकाळी दादा आला. मी वही त्याच्यापुढं उघडी ठेवली आणि खोडलेल्या रेघेवर बोट ठेवलं. मला घुमवून फिरवून बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. "दादा, ही बरोबर व्हती." "व्हय." "मग खोडलीस कशाला?" तो म्हणाला, "दस्तगीरबी त्येच म्हणत हुता."

दस्तगीर हे नाव आम्हाला पत्रांतनं ठाऊक होतं. रहिमतपूरच्या पिंजाऱ्याचा मुलगा, दादाचा जोडीदार. एकानं कोन घ्यायचा, दुसऱ्यानं लिहायचा. आईची शेंगदाण्याची चटणी दोघं मिळून खायचे आणि मोहरमला त्याची आई चोंगे, म्हणजे गुळाच्या गोड रोट्या, करून डब्यातनं पाठवायची ते पण दोघं मिळून खायचे. तो बर्फात गेला एवढं दादानं आल्या दिवशी सांगितलं होतं. कसा ते आता सांगितलं. दस्तगीर म्हणाला होता, तंबू ओढ्याच्या पल्याड नेऊ, वस्तीला पण सांगू. म्हाताऱ्यानं दगड दाखवला. सगळे दमलेले, ओढ्याच्या पल्याड जायचं म्हणजे सगळं सामान परत बांधायचं. दादा दस्तगीरला हसला. "तू कोरड्या गावचा गड्या, तुला पूर म्हाईत हाय का? म्हाताऱ्यानं दगड दावला की बास." आणि रेघ खोडली. चौथ्या दिवशी दादा साहेबाबरोबर वरच्या चौकीवर गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला तेव्हा दगड दिसत नव्हता, तंबू नव्हते, वस्तीतली वरची तीन घरं नव्हती. म्हातारा, त्याची सून आणि दोन नातवंडं. आणि दस्तगीर. दोन दिवस दादा हातानं उकरत होता. त्यातच बोटं गेली.

हे त्यानं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मीही तसंच ऐकलं. चूल धुमसत होती, मी उठून फुंकली. मग त्यानं खिशातनं एक कार्ड काढलं. कार्ड दस्तगीरच्या वडलांचं, कुणा मास्तरांकडून लिहून घेतलेलं. एकदा येऊन जावा, आमाला कुणी काय सांगत न्हाई. असं ते तिसरं कार्ड होतं. "जातोस कवा?" मी विचारलं. "न्हाई जाणार." "मी येते संगं," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. आता वाटतं, वही त्यानं गणित तपासायला दिलीच नव्हती. त्याला सापडायचं होतं, आणि घरात गणित येणारी मी एकटीच होते.

आम्ही गाडीनं गेलो. रहिमतपूरचं स्टेशन गावापासून लांब, तिथनं टांगा केला. गाडीत सबंध वाट मी खिडकीतनं ऊस मोजला, म्हणजे नुसता बघितला. पिंजाऱ्याचं घर बाजाराच्या मागं होतं. लांबूनच धनुकलीच्या तातीचा आवाज येत होता, ट्वँव ट्वँव, कापूस पिंजायचा. दारात गेलो. आत अर्धी खोली पिंजलेल्या कापसानं भरलेली, कोपऱ्यात माणसाच्या कमरेएवढा ढीग, हवेत तंतू, दस्तगीरच्या वडलांच्या, बाबालालचाचांच्या, भुवयांवर, दाढीवर, सगळीकडं पांढरं. दादा उंबऱ्याशी थांबला. त्याचा पाय उचलेना. मला काय ते कळलं, पण आपल्याला कळलंय हे दाखवायची मला पहिल्यापासून सवय नाही. मी त्याला मागनं ढकललं.

चाचांनी धनुकली थांबवली नाही. दादानं नाव सांगितलं तेव्हा थांबवली. "तुमी हणमंतराव व्हय. बसा. पत्रात तुमीच आसायचा." मग दस्तगीरच्या आईला, हुसेनबींना, आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं आणि लगेच मुद्द्यावर आले. "साहेबाचं पत्र आलंय, विंग्रजीत. मास्तरांनी वाचलं. दुर्घटना म्हणं. आवं, कुणी चुकल्याबिगर दुर्घटना हुती व्हय? माझं पोरगं उंडगं. धंद्यात बसलं न्हाई, कवा कुणाचं आयकलं न्हाई. तुमी म्हणाला आसशीला हितं नगं, आन् त्ये तिथंच पसरलं आसंल. आसंच झालं न्हवं?"

दादानं नुसती मान हलवायची होती. खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं. हलव मान. मेलेल्याला काय लागतंय! एकदा मान हलवली की आपण पुढच्या गाडीनं घरी, आणि तू माझा भाऊ, आणि हे म्हातारे आपल्या पोरावर रागवायची सवय असलेले, ते आणखी थोडं रागावतील. हे मी मनात म्हणाले. पन्नास वर्षं होऊन गेली, पुढं मी मास्तरीण झाले, वर्गात पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि दर छडीला मला ती खोली आठवायची.

हुसेनबी चहा घेऊन आल्या. काचेचे ग्लास, चहा उकळता. माझा मी लगेच फरशीवर ठेवला. दादानं त्याचा घेतला आणि मुठीत धरून बसला. हुसेनबी परत आत निघाल्या होत्या, त्या वळल्या. "आरं बेटा, भाजतंय त्ये! ठिव खाली." दादा म्हणाला, "मला लागत न्हाई." त्यांनी वाकून त्याच्या मुठीतनं ग्लास काढून घेतला, त्याची बोटं उलटी करून बघितली, तव्याचे डाग अजून होते त्यांवर. पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "तुला लागत नसंल. मला बघून लागतंय की."

तेव्हा दादाचं तोंड उघडलं. "चाचा, त्यो उंडगा न्हवता. त्यो म्हणाला हुता, वड्याच्या पल्याड जाऊ. मी हासलो त्याला. कोरड्या गावचा म्हणालो. म्हाताऱ्यानं दगड दावला आन् मी दगडाचं आयकलं. वहीत रेघ बरोबर व्हती. मी खोडली. ह्या हातानं खोडली." वही त्यानं पुढं केली. चाचांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती घेतली आणि उलटीच धरली.

"म्हंजी त्यानं सांगितलं व्हतं," चाचा म्हणाले.

"व्हय."

"आन् बरोबर सांगितलं व्हतं."

"व्हय, चाचा."

"आन् कुणी आयकलं न्हाई."

"न्हाई."

चाचांनी कापसातनं एक सरकी उचलली, बघितली, टाकली. "मी बी कवा आयकलं न्हाई," म्हणाले. "तुला कशातलं काय कळत न्हाई, म्हणायचो. जाताना बी त्येच म्हणालो." मग वही परत दिली. रागावले नाहीत, माफही केलं नाही. "जावा आता तुमी. तुमची गाडी हुकंल," एवढंच. धनुकली हातात घेतली, पण आम्ही गल्लीच्या टोकाला पोचलो तरी आवाज आला नाही. हुसेनबी मात्र दारापर्यंत आल्या होत्या. त्यांना एकच विचारायचं होतं. "औंदाचे चोंगे पोचले व्हते का रं?" दादा म्हणाला, "पोचले. आमी दोघांनी खाल्ले." "मऊ व्हते?" "व्हय." त्या म्हणाल्या, "मग बरं."

परत येताना गाडीत दादा रडला. आवाज न करता, कराडच्या पुढं कुठंतरी. मी रडले नाही. घरी आल्यावर आईनं आमटी वाढली आणि तो म्हणाला, "मीठ जरा कमी हाय गं." आई मिठाचा डबा आणायला गेली आणि डबा हातात घेऊन तिथंच उभी राहिली. बोटं काही परत आली नाहीत. शेवटपर्यंत शर्टाची बटणं त्याला दुसऱ्यानं लावून द्यावी लागायची.

पुढं चुलत्यांशी वाटण्या झाल्या तेव्हा दादानं गावातली जागा सोडली आणि वर माळावर घर बांधायला काढलं, दगडाच्या कितीतरी वर, जिथं पाण्याला सुद्धा डोक्यावरनं घागर न्यावी लागते. गावानं पोटभर हसून घेतलं. "हणमंतराव, तिथं पाणी यायला देवाला शिडी लावावी लागंल!" दादा म्हणायचा, "म्हाताऱ्यानं दगड दावला म्हणून मी झोपणार न्हाई." पाया खणणाऱ्याला त्यानं कोनमापक धरून जागा दाखवली. पुराला कोन लागत नाही हे मी त्याला सांगितलं. म्हणाला, "म्हाईत हाय. आसू दे."

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी नदीला असा पूर आला की काळा दगड पहिल्याच दिवशी बुडाला आणि पाणी त्याच्या वर दीड पुरुष चढलं. मी तेव्हा सुट्टीला गावी होते. सगळं खालचं गाव माळावर दादाच्या घरात आलेलं, पडवीत म्हशी, सोप्यात बाळंतीण, मी आणि वहिनी पिठलं ढवळतोय. लोक अंगणाच्या कडेला उभे राहून खाली आपापल्या घरांचे पत्रे शोधत होते. पोलीसपाटील म्हणाले, "काय पण म्हणा, हणमंतरावांनी लय लांबचं बघितलं."

मी पळी ठेवून बाहेर आले. "बघणारा हणमंत न्हवता," म्हणाले. "बघणारा रहिमतपूरचा दस्तगीर. बाबालाल पिंजाऱ्याचा पोरगा." कोण, कुठला, कुणी विचारलं नाही, सगळ्यांचे डोळे पाण्यावर होते. मी परत एकदा सांगितलं, मोठ्यानं.